आपली घराणी आणि आपल्या नोंदवह्या

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामातील कुटुंबेतिहास मंडळाच्या पहिल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या तयारीसाठी समितीची पहिली बैठक भरली, तेव्हा एका तरुणाने साधाच प्रश्न विचारला, की आपले ख्रिस्तमंदिर उभे राहिले त्या वेळी येथे कोणकोणती घरे होती, आणि त्यांची नावे स्मरणिकेत छापता येतील काय? प्रश्न ऐकून वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले, आणि मग सर्वांनी मिळून आमच्याकडे पाहिले. आम्ही कपाटातील नोंदवह्यांकडे बोट दाखवून तेवढ्यापुरती सुटका करून घेतली. परंतु त्या रात्री वही उघडून बसलो तेव्हा कळून चुकले, की हे काम एका रात्रीचे नव्हे आणि एकट्या पाद्रीचेही नव्हे. पहिल्याच पृष्ठावर आठ फर्नांडिस निघाले. त्यांतले वरच्या वाडीतले कोण, खालच्या वाडीतले कोण, आणि कोणाचे पणतू आज पुढल्या बाकावर बसतात, हे वही सांगत नव्हती. ते सांगणारी माणसे ह्याच गावात आहेत. आणि त्यांपैकी दोघीजणी ज्युबिलीचा दिवस पाहण्यापूर्वीच प्रभूच्या घरी गेल्या.

त्यानंतर आपणांपैकी बारा जणांनी हे मंडळ उभे केले आणि आम्हांस दोन शब्द बोलावयास सांगितले. विषय दोन शब्दांत आटोपणारा नाही, ह्याची आधीच क्षमा मागून ठेवतो.

प्रथम एक शंका फेडून टाकू. कोणी म्हणेल, संत पौलाने तीमथ्याला आणि तीताला लिहिताना वंशावळ्यांच्या नादापासून दूर राहण्याची ताकीद दिली आहे. मग पाद्रीनेच हा नाद लोकांस का लावावा? पौलाचा रोष आहे तो वंशावळ्यांवरून माजणाऱ्या वादांवर. संत मत्तयाने तर शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीने केला, आणि तीत तामार, राहाब, रूथ व उरियाची पत्नी अशा चार स्त्रिया घातल्या, ज्यांस एखाद्या कुलाभिमानी लेखकाने मुकाट्याने गाळले असते. एज्राच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात उलट प्रकार आहे. बाबेलहून परतलेल्या काही याजक घराण्यांस आपली नावे वंशावळीच्या वहीत सापडेनात, म्हणून त्यांस याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. वही हरवली की केवळ आठवण नव्हे, माणसाचे स्थानही जाते, हे त्या लोकांस ठाऊक होते.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे पाहा. कोकणातील चित्पावन घराण्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून आपापले कुलवृत्तांत छापून काढले. ज्यांनी छापले नाहीत, त्यांची नावे त्र्यंबकेश्वरास तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मिळतात. आजोबा यात्रेस गेले तेव्हा त्यांनी केलेली सही नातवास पाहावयास मिळते. आपल्याला उपाध्यायांची वही नाही आणि छापील कुलवृत्तांतही नाही. आपले त्र्यंबकेश्वर म्हणजे धर्मग्रामाचे कपाट.

तथापि मंडळाने कपाटापासून आरंभ करू नये, घरापासून करावा. म्हाताऱ्या माणसास ‘घराण्याचा इतिहास सांगा’ असे म्हटले, तर ते ‘आमचो कसलो इतिहास’ म्हणून गप्प बसते. त्याऐवजी विचारावे, की तुमच्या लग्नात रोस लावायला प्रथम कोण उठले? खुरसाकडील लादाइनीचा मान कोणत्या घराकडे, आणि तो तिकडे कसा गेला? पहिल्या बाळंतपणाला आई कोणत्या गावी गेली होती? हा शेवटला प्रश्न विसरू नये. पहिले मूल बहुधा आजोळी जन्मे आणि त्याचा बाप्तिस्माही तेथेच होई. म्हणून थोरल्या भावाची नोंद आपल्या वहीत नाही आणि धाकट्या पाचांची आहे, असे वारंवार आढळते. लोक समजतात वही अपुरी आहे. वस्तुतः ती नोंद खाडीपलीकडच्या धर्मग्रामात स्वस्थ पडलेली असते. विवाहाचेही तसेच. विवाह सामान्यतः वधूच्या धर्मग्रामात व्हावा, असा १९१७ च्या धर्मविधिसंहितेचा नियम होता आणि रूढीही तीच. म्हणून आजीचे माहेर कळल्यावाचून आजोबांचे लग्न सापडत नाही.

घरातल्या वस्तूंकडेही पाहावे. प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्मतारखा लिहिलेल्या असतात. मृत्यूनंतरच्या मिस्सेची स्मरणपत्रिका, लग्नाची पत्रिका, फोटोच्या पाठीवरील स्टुडिओचा शिक्का, आगबोटीवर नोकरी केलेल्याचे नल्ली नावाचे पुस्तक, ज्यात जन्मसाल, गाव आणि एकेक सफर लिहिलेली असे, ह्यांपैकी काहीही रद्दीत जाऊ देऊ नये. थडग्यांवर मात्र फार विसंबू नये. विलायती पुस्तकांत दफनभूमीत जाऊन शिलालेख उतरून घ्या, असा उपदेश असतो. आपल्याकडे जागा थोडी, पाऊस फार, खुरीस लाकडाचा. तीच जागा काही वर्षांनी दुसऱ्यास दिली जाते आणि अस्थी एकत्र ठेवल्या जातात. आपल्या बहुतेक पूर्वजांचे थडगे म्हणजे मृत्यूच्या वहीतली एक ओळ, एवढेच.

आता कपाट उघडू. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली आज्ञा केली, की प्रत्येक पाद्रीने विवाहांची वही ठेवावी आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममाता ह्यांची नावे लिहून घ्यावीत. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह व मृत्यू ह्यांच्या वह्यांचे आणि घरोघरची माणसे नोंदणाऱ्या पाचव्या एका वहीचे नमुने घालून दिले. ‘ने तेमेरे’ हे १९०७ चे आज्ञापत्र १९०८ च्या ईस्टरपासून लागू झाले, आणि त्यायोगे माणसाच्या विवाहाची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करणे आवश्यक ठरले. ही समासातली बारीक ओळ आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. मुलगे गावात राहातात, त्यांची नावे पुढे पुन्हा पुन्हा भेटतात. मुली लग्न होऊन जातात आणि आडनावासकट नाहीशा होतात. समासातली ओळ सांगते की अमुक साली, अमुक गावी, अमक्याशी तिचा विवाह झाला. आमच्या वहीत अशी एक ओळ कराचीची आहे. तिच्या माहेरच्यांना ती मुंबईस दिली एवढेच ठाऊक होते.

भाषेला घाबरू नये. आम्ही सेमिनरीत थोडे लॅटिन शिकलो. पोर्तुगीज शिकलो नाही, ते ह्या वह्यांनीच शिकविले. नोंदीचा साचा ठरलेला असतो. दहा नोंदी लागल्या की अकरावी आपोआप लागते. ‘फिल्यो लेजितिमो’ म्हणजे औरस पुत्र. ‘विउवा’ म्हणजे विधवा. ‘मोरादोर’ म्हणजे तूर्त राहाणारा. आणि ‘नातुराल दे’ म्हणजे मूळचा अमुक गावचा. हे दोन शब्द सापडतील तेथे थांबावे, कारण आपल्या किनाऱ्यावरील घराण्यांचा धागा गोव्याच्या ज्या गावाशी जुळतो त्याचे नाव बहुधा ह्याच शब्दांपुढे असते. पुष्कळ पोर्तुगीज नोंदींत मुलाच्या आईबापांबरोबर दोन्हीकडचे आजोबा-आजीही लिहिलेले असतात. म्हणजे एका परिच्छेदात तीन पिढ्या.

एक सापळा सांगून ठेवतो, कारण आम्ही स्वतः त्यात पडलो. ‘७ब्रो’ असे लिहिलेले दिसले की आपण सातवा महिना म्हणून जुलै समजतो. तो जुलै नव्हे, सप्टेंबर. पोर्तुगीज भाषेत सात म्हणजे सेत, आणि त्यावरून सेतेंब्रो. त्याचप्रमाणे ‘८ब्रो’ म्हणजे ऑक्टोबर, ‘९ब्रो’ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाच्या चिन्हापुढे ब्रो म्हणजे डिसेंबर. हे न कळल्यामुळे एका घराण्यातील मूल आईबापांच्या लग्नानंतर फारच लवकर जन्मल्याचे आम्ही मनाशी ठरवून बसलो होतो. वर्षभर त्या पणजीविषयी आमच्या मनात जो विचार राहिला, त्याबद्दल आम्ही तिची मनोमन क्षमा मागितली आहे.

नावांचेही असेच. घरी जो बस्त्यांव, तो पोर्तुगीज वहीत सेबास्तियांव, लॅटिन वहीत सेबास्तियानुस आणि शाळेच्या दाखल्यावर सेबॅस्टियन. इनासचा इनासियो, इग्नातियुस आणि इग्नेशियस. कायतानचा काएतानो, कायेतानुस आणि कॅजेटन. चार माणसे नव्हेत, एकच.

आडनावाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण ह्यावरूनच गावात सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘आम्ही सगळे रॉड्रिग्ज एका मुळाचे’ असे कोणी अभिमानाने सांगतो, तेव्हा आम्ही हसून मान हलवितो. गोव्यात धर्मांतराच्या वेळी आडनाव बहुधा धर्मपित्याकडून अथवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीकडून मिळे. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे भिन्न झाली आणि एकमेकांस न पाहिलेल्या कुळांची एक झाली. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र आणि रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा, एवढाच त्या शब्दांचा पोर्तुगालातील मूळ अर्थ; तो फर्नांदो अथवा रॉद्रिगो आपला कोणी लागत नाही. तेव्हा मंडळाने जी सूची करावयाची ती आडनावावरून करू नये. घराचे नाव, वाडी, आणि धर्मपिता-धर्ममाता ह्यांवरून करावी. धर्मपिता कोणी परका नसे. पहिल्या मुलास मामा, दुसऱ्यास काका, असा क्रम पुष्कळ घरांत दिसतो. म्हणून धर्मपितरांची नावे एकाखाली एक लिहीत गेले की विखुरलेले भाऊ पुन्हा एकत्र दिसू लागतात.

नातेसंबंधातील विवाहास मिळालेली सूट हाही एक उत्तम पुरावा आहे. किनाऱ्यावरील वस्ती लहान, सोयरिकी त्याच त्याच घरांत. चौथ्या पायरीपर्यंतचे नाते असल्यास बिशपांची परवानगी लागे. विवाहाच्या नोंदीत ‘तिसऱ्या पायरीची सूट’ असे लिहिलेले सापडले, की समजावे वधूवरांचे पणजोबा-पणजी एकच. चौथी पायरी असेल तर एक पिढी आणखी मागे, म्हणजे खापरपणजोबा. १९१७ साली हे बंधन तिसऱ्या पायरीवर आले. १९८३ च्या संहितेने तर मोजण्याची रीतच बदलली, आणि सख्खी चुलत भावंडे, जी पूर्वी दुसऱ्या पायरीवर होती, ती नव्या मोजणीत चौथ्या पायरीवर गेली. नोंद कोणत्या सालची हे पाहिल्यावाचून ह्या आकड्यांचा अर्थ लावू नये. ज्या अर्जांवरून ही सूट मिळे त्यांना जोडून कधी कधी छोटी वंशावळही काढलेली असते. असे कागद धर्मग्रामात क्वचितच राहातात. ते बिशपांच्या दप्तरात शोधावे लागतात.

कोणत्या बिशपांच्या? आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली स्थापन झाला. तत्पूर्वी आपण पुणे धर्मप्रांतात होतो, आणि त्याच्याही आधी हा मुलूख गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली होता. सरकारी दप्तराची गतही तशीच. मालवण १८१२ साली कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्ला त्याच साली सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले. सावंतवाडी संस्थान १९४८ साली विलीन झाले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. म्हणून मुंबईतल्या जुन्या कागदात आजोबांचा जिल्हा ‘रत्नागिरी’ लिहिलेला आढळेल. मुंबईत वाढलेली नातवंडे मग रत्नागिरी शहराच्या आसपास गाव शोधीत फिरतात. गाडीभाडे वाया घालविण्यापूर्वी त्यांनी आम्हांस एक पत्र घातले असते तर बरे झाले असते.

गोव्यात काय शोधावे? घरोघरी एकच उत्तर असते, ‘आम्ही बार्देशातून आलो.’ का आलो, ह्याचे मात्र प्रत्येक घरी निराळे उत्तर. कोणी धर्मन्यायासनाच्या भयाचे सांगतो, जे तेथे १५६० पासून, मधली काही वर्षे सोडता, १८१२ पर्यंत होते; कोणी संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीचे, कोणी १७३९ च्या मराठ्यांच्या स्वारीचे, कोणी कराचे, कोणी दुष्काळाचे. सर्वच काही अंशी खरी असतील. लोक एका दिवशी, एका कारणाने उठून आले नाहीत. मंडळाने कारणावर वाद घालू नये. प्रथम गाव निश्चित करावे. गाव कळले की तेथील कोमुनिदादीचा, म्हणजे गावकारीचा, आधार मिळतो. गावकऱ्यांच्या चालीरीतींची पोर्तुगीज सनद १५२६ सालची आहे, परंतु संस्था त्याहून पुष्कळ जुनी. प्रत्येक गावात गावकऱ्यांचे ठरलेले वांगड असतात, आणि जोण घेणाऱ्या पुरुषांची नावे पिढ्यान्पिढ्या वांगडवार लिहिली जातात. आपला पूर्वज गाव सोडून आला तेथे त्याची ओळ खुंटली असेल. त्याच्या भावाची चालू असेल. बार्देशातील कोमुनिदादींचे प्रशासन म्हापशास आहे. पणजीस गोव्याचे पुराभिलेखागार आहे, ज्याचा आरंभ १५९५ साली दियोगु दु कोतो ह्या इतिहासकाराच्या देखरेखीखाली झाला; गोव्यातील धर्मग्रामांच्या जुन्या वह्याही तेथे पाहावयास मिळतात. आल्तिनो टेकडीवर आर्चबिशपांचे दप्तर आहे. तेथे जाताना पाद्रीचे पत्र सोबत असावे. ते आम्ही देऊ.

कोमुनिदादीच्या याद्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. त्या याद्यांत पुरुषांचीच नावे आहेत, आणि गावकारी नसलेल्यांची नावे नाहीत. त्यांवरून आपण अमक्या जातीचे, ते तमक्या जातीचे, अशी मोजदाद ह्या मंडळात सुरू झाली, तर आम्ही वह्यांचे कपाट बंद करून किल्ली खिशात घालू. पौलाने ज्याविषयी लिहिले ते हेच.

सरकारी कागदांबद्दल थोडक्यात. तलाठ्याकडील फेरफार आणि वारस नोंदवही ह्यांत मृत्यूचे साल व मुलांची नावे मिळतात, बहिणींचीही. ज्या गावांत खोती होती तेथील बोटखतात कुळांची नावे आहेत. प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर तर फारच उपयोगी, कारण त्यात जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि पूर्वीची शाळाही असते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे आपल्या पाद्रींनी विवाहांची विवरणपत्रे दर तीन महिन्यांनी सरकारी निबंधकांकडे पाठवावयाची असतात; धर्मग्रामाची वही नष्ट झाली असेल तेथे तो मार्ग चाचपून पाहावा. १८८० चे रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटियर घराण्यांची नावे देत नाही, पण ज्या काळात ती माणसे जगली तो काळ त्याइतका दुसरीकडे दिसत नाही. मुंबईतील मागोवा डाबुलचे संत फ्रान्सिस झेवियरचे देवालय, मूळचे माझगावचे आणि आता भायखळ्याचे ग्लोरिया, आणि शिवडीची दफनभूमी येथे घ्यावा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गावी कोण मेले आणि मुंबईत कोण, हे दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवल्यावाचून कळत नाही.

आता जे सांगावयाचे ते आमच्या चुकीचे आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, आम्ही नवीनच रुजू झालो होतो. नोंदवह्या पश्चिमेच्या भिंतीतील कपाटात होत्या. भिंतीला ओल येते हे कपेलाच्या राखणदाराने आगोटीपूर्वीच सांगितले होते. आम्हांस दुसरी कामे होती. भाद्रपदात कपाट उघडले तेव्हा मृत्यूच्या वहीची पाने एकमेकांस चिकटली होती. ती सावलीत, हळूहळू वाळू द्यावयाची. परंतु आम्हीं घाई केली. सुरीच्या पात्याने पाने सोडविली आणि ओसरीवर उन्हात टाकली. शाई समोरच्या पानावर उमटून आली, आणि वाळल्यावर कागद बोटाखाली चुरला. अठरा पाने गेली. त्या पानांवर किती माणसे होती हे आम्ही सांगू शकत नाही, कारण ते सांगणारी तीच पाने होती.

दोन महिन्यांनी एक वृद्ध गृहस्थ आले. उभी हयात आगबोटीवर गेली होती. वडील गेले तेव्हा ते समुद्रावर होते. तार मिळाली ती एडनला. आता त्यांना वडिलांच्या मृत्यूची तारीख हवी होती, त्या दिवशी मिस्सा सांगता यावी म्हणून. दुसरे काही नको होते. साल त्यांनी सांगितले, आणि ते त्या अठरा पानांतले निघाले. आम्ही त्यांना वही दाखविली आणि जे घडले ते सांगितले. ते काही बोलले नाहीत. दफनभूमीचा जुना भाग कोणता एवढे विचारून तिकडे जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी एका चिठ्ठीवर वडिलांचे नाव, घराचे नाव आणि वाडी लिहून दिली आणि म्हणाले, “फादर, खंयतरी लिवन ठेवा.” मृत्यूच्या वहीत ते लिहिता येत नव्हते, तारखेवाचून आणि पुराव्यावाचून नोंद करण्याचा आम्हांस अधिकार नाही. म्हणून आम्ही एक कोरी वही घेतली आणि तीत पहिल्या ओळीवर ते नाव लिहिले, कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी, तेही लिहिले. त्या धर्मग्रामातून निघताना ती वही आम्ही आमच्या जागी आलेल्या फादरांच्या स्वाधीन केली. तशीच एक वही आज आम्ही ह्या मंडळास देत आहो.

ह्यावरून कामाचा क्रम तुमच्या ध्यानात येईल. पावसाळ्यात जुन्या वह्या उघडावयाच्या नाहीत. त्या चार महिन्यांत वाडीवाडीत जाऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे, त्यांचे बोलणे फोनवर उतरून घ्यावे, आणि त्याच आठवड्यात कागदावर लिहावे, कारण फोन बदलतो आणि बोलणे त्याच्याबरोबर जाते. मृतांच्या दिवसाच्या आदल्या रविवारी सापडलेली नावे दफनभूमीत मोठ्याने वाचावी. नाताळात आणि मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा त्यांस सोडू नये. त्यांच्या मुंबईच्या घरी जे फोटो आहेत ते येथे कोणी पाहिलेले नाहीत. कोरड्या महिन्यांत वह्यांचे वाचन. दोघांनी मिळून वाचावे, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने लिहावे. जसे आहे तसे लिहावे, चुकीचे वाटले तरी सुधारू नये, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवावे. छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे, झोत न टाकता. चिकटपट्टी लावू नये, पाने प्लास्टिकमध्ये बंद करू नयेत. ह्या दोन उपायांनी वाळवीपेक्षा अधिक वह्या मेल्या आहेत, असे आमचे मत आहे. कपाट आता भिंतीपासून हातभर पुढे ओढले आहे.

छायाचित्रांची एक प्रत येथे आणि एक सावंतवाडीस बिशपांच्या दप्तरात राहील. बाहेर कोणासही नाही. मॉर्मन पंथाच्या वंशावळी-संस्थेचे काम जगभर मोठे आहे आणि तिच्या संग्रहाचा कोणीही उपयोग करावा. परंतु त्या पंथात मृतांच्या वतीने बाप्तिस्मा करण्याची प्रथा असल्याने, धर्मग्रामांच्या वह्या त्या संस्थेस उतरून घेऊ देऊ नयेत असे रोमहून २००८ साली सर्व बिशपांस कळविण्यात आले आहे. तो नियम आपण पाळू.

शंभर वर्षांच्या आतली नोंद त्या कुटुंबातील माणसासच दाखविली जाईल. वहीत बापाच्या नावाची जागा कोरी असलेली मुले आहेत, टाकून दिलेली आणि कोणीतरी वाढविलेली मुले आहेत. त्यांची नातवंडे आपल्यात आहेत आणि कित्येकांस हे ठाऊक नाही. असे काही दिसले तर वाचणाऱ्याने तेथेच थांबून आमच्याकडे यावे. सभेत नाही, घरी नाही, बायकोजवळही नाही. आणि कोणी मंडळात येऊन माडाच्या बागेच्या वाटणीसाठी दाखला मागू लागला, तर त्याला वकिलाकडे पाठवावे. तशीच गोष्ट पोर्तुगीज नागरिकत्वाची. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या कुटुंबांत त्यासाठी धावपळ चालते. आपल्याकडेही काही दलाल येऊन गेल्याचे कानावर आले. दोनशे वर्षांपूर्वी बार्देश सोडून आलेल्या पूर्वजाच्या नोंदीने तसला हक्क मिळत नाही. त्यांना पैसे देऊ नका.

पुढली बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या खोलीत भरेल. बाप्तिस्म्याच्या सर्वांत जुन्या वहीचे पहिले पृष्ठ, ज्यावर ते आठ फर्नांडिस आहेत, आम्ही उतरून फळ्यावर लिहून ठेवू. खालच्या वाडीतील वडीलमंडळींस आणण्यासाठी दोन रिक्षा सांगितल्या आहेत. येताना प्रत्येकाने घरातील सर्वांत जुने प्रार्थनापुस्तक आणावे, आणि त्याच्या कोऱ्या पानावर काही लिहिले असेल तर ते पुसण्याचा अथवा गिरविण्याचा प्रयत्न करू नये.